डोंगझाओ: नाव हिवाळी बोराचे, जायचे मात्र ऑक्टोबरात

चिनी भाषेत ‘डोंगझाओ’ म्हणजे हिवाळी बोर. आपल्याकडे बोरन्हाणाच्या दिवसांत बोरांची रेलचेल असते, त्याच हिशेबाने मी पहिल्या खेपेस डिसेंबरात शानडोंग प्रांतातील झान्हुआ गाठले आणि बागेत एकही पान नसलेली झाडे पाहून परतलो. हे झाड आपल्या मेहरूणच्या बोराचे सगोत्र असले तरी त्याची जात निराळी आहे. ते कडाक्याच्या थंडीत पाने गाळते. इतर चिनी बोरे बहुतांशी सप्टेंबरात उतरतात आणि हे ऑक्टोबरात पिकते, म्हणून ते ‘हिवाळी’, इतकाच त्या नावाचा अर्थ. त्या खेपेस शीतगृहातली बोरे मिळाली. ती मऊ पडून त्यांना दारूसारखा वास सुटला होता.

दुसऱ्या खेपेस ऑक्टोबरात गेलो, पण 1 ते 7 तारखेच्या राष्ट्रीय सुट्टीत, आणि ही माझी दुसरी चूक. गर्दीत खोली मिळेना आणि बरीच फळे अजून हिरवट होती. दुसरा आठवडा उत्तम.

आता मुख्य तक्रार. एका बागेच्या दारात दर 15 युआन सांगितला, मी तो किलोचा समजलो, स्वतः तोडलेली तीन किलो बोरे तराजूवर ठेवली आणि 90 युआनची मागणी ऐकून थक्क झालो. तिथे दर ‘जिन’चा असतो आणि एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. विक्रेत्याला माझा गैरसमज दिसत होता, तरीही तो गप्प राहिला. त्यामुळे तोडण्याआधी ‘जिन की किलो’ हे बोटांनी दाखवून का होईना, पक्के करून घ्यावे. पैसे बहुधा मोबाइलवरूनच घेतात, तेव्हा ॲपला कार्ड घरूनच जोडून निघावे.

फळ मात्र खरे आहे. छोट्या सफरचंदासारखे गोल, साल इतकी पातळ की दाताला जाणवत नाही, गर पांढरा, कुरकुरीत आणि रसाळ. म्हणूनच ते सहसा वाळवत नाहीत, ताजेच खातात. अर्धे तांबूस झालेले निवडावे; पूर्ण लाल फळ दोन दिवसांत पिचपिचीत होते. बहुतेक झाडांच्या बुंध्यावर सालीची वर्तुळाकार पट्टी काढल्याच्या जुन्या खुणा दिसतात. फुलोऱ्याच्या वेळी ही पट्टी काढली, की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे न जाता वरच राहते आणि फळधारणा वाढते.

मूळ कोठले, यावर दोन्हीकडचे लोक हक्क सांगतात. शेजारच्या हबेई प्रांतात हुआंगहुआजवळ ज्युग्वान येथे शेकडो वर्षांच्या झाडांची बाग असून 2006 साली तिला राष्ट्रीय संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. झान्हुआत पूर्वी ही झाडे अंगणापुरती होती; 1980च्या दशकानंतर त्यांच्यापासून कलमे करून खाऱ्या जमिनीवर बागा वाढल्या. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर जुनी झाडे पाहण्यास ज्युग्वान, खाण्यास झान्हुआ. झान्हुआला शानडोंगची राजधानी जिनानहून बिनझौमार्गे बसने जावे. शेवटच्या टप्प्यासाठी भाड्याची मोटार ठरवताना परतीचे भाडेही आधीच ठरवावे, कारण संध्याकाळी तिथून दुसरे वाहन मिळत नाही.