न्दुतूच्या माळावर कोल्ह्यांच्या घरी

ऑगस्टमध्ये टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात जाणाऱ्यांची सगळी धाव उत्तरेकडे, मारा नदीकडे असते. आम्ही मुद्दाम दक्षिणेला न्दुतूत राहिलो. विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप गेलेले, गवत वाळून कोळ झालेलं, गाड्या तुरळक. पण काळ्या पाठीच्या कोल्ह्यांची पिल्लं बिळाबाहेर यायला लागतात ती याच कोरड्या दिवसांत. तेव्हा उंदीर भरपूर मिळतात आणि पिल्लांचं पोट मुख्यतः त्यांच्यावरच भरतं.

बीळ एका जुन्या वारुळात होतं. चालकाने गाडी बरीच लांब थांबवून इंजिन बंद केलं. तांबूस अंगाचा नर आला. मानेपासून शेपटीपर्यंत काळ्या-रुपेरी केसांची झूल, वजन जेमतेम आठ-दहा किलो. चार पिल्लं धावत सुटली आणि त्याच्या तोंडाच्या कडा चाटू, ढुसण्या द्यायला लागली. त्याने मान खाली घालून पोटातलं मांस ओकलं, क्षणात चट्टामट्टा! मादी बाजूला पहुडली होती. आणि तिसरा एक कोल्हा उंचवट्यावर बसून चौफेर नजर ठेवून होता. चालक म्हणाला, "तो यांचाच, गेल्या वर्षीचा."

मला सगळ्यात जास्त भावला तो हाच. नर-मादीची जोडी बहुधा आयुष्यभराची, पण वयात आलेली काही मुलं स्वतःचा संसार न थाटता वर्षभर आईबापांकडेच राहतात. ती धाकट्यांना भरवतात, राखण करतात, तरस आलं तर मागून चावे घेऊन त्याला हुसकावतात. प्राणी-अभ्यासक पॅट्रिशिया मोहेलमन यांनी सेरेंगेटीत हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९७९ साली मांडलं: घरात असे मदतनीस जितके जास्त, तितकी जास्त पिल्लं जगतात. यात मदतनिसाचाही फायदा आहेच. सख्ख्या भावंडांशी रक्ताचं नातं स्वतःच्या पोरांइतकंच जवळचं, शिवाय पिल्लं कशी वाढवायची ते शिकून होतं.

आपल्याकडचा कोल्हा याचा सख्खा भाऊ असेल असं वाटतं ना? पण जनुकं पाहिली तर आपला कोल्हा लांडग्याच्या जास्त जवळचा निघतो. आफ्रिकेतली ही शाखा फार पूर्वीच वेगळी झाली, म्हणून आता तिला लुपुलेला या स्वतंत्र गटात ठेवतात.

तुम्ही गेलात तर चालकाला बिळाजवळ गाडी नेण्याचा आग्रह अजिबात करू नका. त्रास झाला की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवते, आणि उघड्या माळावर वरून गरुड टपलेले असतात.