जमाखर्चातली शेवटची ओळ

सप्ताहाचा जमाखर्च मंदिराच्या भिंतीवर लागला आणि मी तो शेवटपर्यंत वाचला. मंडप, स्पीकर, जनरेटर, आचारी, किराणा, महाराजांचं मानधन. सगळ्यांपुढे सप्ताह बसायच्या आधीच ठरलेले आकडे. माझा मृदंग आणि अण्णांची पेटी सर्वांत खाली, दोघांची मिळून एकच रक्कम, वेगळ्या पेनाने लिहिलेली. म्हणजे काल्याचं कीर्तन झाल्यावर जे उरलं त्यातून भरलेली. पैसे फार कमी होते असंही नाही. तरी ती ओळ डोक्यातून जात नाही.

महाराज रोज बदलतात, मृदंग बदलत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, वर जागराला ‘थोडं बसा की’. रोज नवा गळा, नवी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूरच वेगळा. आज काळी एक, उद्या काळी तीन. एका पखवाजावर, म्हणजे मृदंगावर, एखादी पट्टी चढ-उतार निभते. त्याहून ताणलं तर तोंडावरची चामड्याची पुडी फाटायची भीती, फार उतरवलं तर नाद बसतो. म्हणून दोन पखवाज न्यायचे, तेही एसटीतून. चैत्रात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की दुपारी चामडं आवळतं आणि स्वर आपोआप चढतो. रात्री मंडपात कूलर लागले की तोच उतरतो. धुमेला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, लावलेली कणीक दोन तासांत सुकते, मधेच पाण्याचा हात लावावा लागतो. कीर्तन संपल्यावर ती खरवडून काढली नाही तर चामडं कुजतं, उंदीर-झुरळं लागतात ते वेगळंच. घामाचे हात पडून पडून दुसऱ्या पुडीवरची काळी शाई सुटू लागते. हा खर्च कुठल्याच जमाखर्चात दिसत नाही.

आधी आकडा का सांगवत नाही, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. जेथे कीर्तन करावे तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, असं तुकोबा सांगून गेलेत. ते लहानपणापासून कानावर आहे आणि मला ते पटतंही. मग भाव कोणत्या तोंडाने करायचा? पण पुडी भरणारा देवाच्या नावावर पुडी भरून देत नाही, आणि लेकरांच्या फीची तारीखही कुणी पुढे ढकलत नाही.

आज कागदावर नीट मांडून पाहिलं. घरखर्च महिन्याला 20,000 धरला तर वर्षाचे 2,40,000. पुड्या, दुरुस्ती, प्रवास मिळून 30,000. एकूण 2,70,000. शिकवणीला 15 मुलं, प्रत्येकी 600. दिवाळी आणि मे महिना सोडून दहा महिने, म्हणजे 90,000. राहिले 1,80,000. वाजवायचे दिवस 90 मिळाले तर दिवसाला 2,000 हवेत. त्याखाली गेलं की ते उधारीत निघतं. हा आकडा लोभाचा नाही, भागाकाराचा आहे. इतकं साधं गणित न मांडता माणसं वर्षानुवर्षं वाजवत राहतात याचंच वाईट वाटतं.

आणि 90 दिवस सलग येत नाहीत. महाशिवरात्रीला परळी-औंढ्याकडे, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण, मग रामनवमी ते हनुमान जयंती एकाच वेळी चार गावांचे फोन. पितृपंधरवड्यात कुणी विचारत नाही. सोयाबीन घरात येऊन विकल्याशिवाय गावची वर्गणी जमत नाही. भाव पडला की सप्ताह होतोच, पंगतही होते. आटतं ते शेवटच्या ओळीतलं. शिकवणीचंही तसंच. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, तोवर मुलं येतात. विशारदपर्यंत टिकणारं एखादंच.

दुपारपर्यंत गावकऱ्यांचा राग येत होता. आता तितका नाही. वर्गणी गोळा करणारे उंबरा-उंबरा फिरतात, त्यांच्याही हातात आधी काही नसतं. मंडपवाला आकडा सांगतो म्हणून त्याचा आकडा आधी लिहिला जातो. माझा कुणी दाबला नव्हता, तो मी सांगितलाच नव्हता. आणि सांगूनही पहिली एक-दोन वर्षं गावं दुसरीकडे जातील, ते धरूनच चालावं लागेल. ते आता झेपेल असं वाटतंय.

चित्रीकरणाचंही आहे. कीर्तन आता थेट यूट्यूबवर जातं, चॅनेल भलत्याचं असतं. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर सादरकर्त्यालाही स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, हक्क आहे. गावात हे कुणाला मागावं हा प्रश्नच आहे. निदान वादकांची नावं व्हिडिओखाली यावीत, एवढं तरी आधी लिहून घेता येईल. नाव दिसलं की पुढचं बोलावणं येतं, हे पक्कं.

चैत्रातल्या सप्ताहाचा निरोप उद्या द्यायचाय. व्हॉट्सॲपवर मजकूर तयार केला: दिवसाची रक्कम, प्रवास वेगळा, निम्मे पैसे पहिल्या दिवशी, जागर धरला तर त्याचे निराळे. पेटीवाल्या अण्णांना विचारून त्यांची रक्कमही स्वतंत्र लिहायची आहे, दोघांची एकत्र नको.