बागेला नको असलेली चुनखडी

दिंडोरी रस्त्याला एका शेतघराचं काम घेतलं होतं. भिंती मातीच्या विटांच्या आणि मालकांची अट एकच, सिमेंटचा गिलावा नको. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या डागडुजीत असे सुटलेले पापुद्रे मी कितीतरी वेळा खरवडून काढलेत. म्हणून चुनाच लावायचं ठरलं.

एका दुकानातून पोती आणली. पांढरीशुभ्र भुकटी. हातभर जागेवर नमुन्याचा गिलावा केला. पंधरा दिवसांनी बोट फिरवलं, तर वाळूसकट खाली आला. आमचे गवंडीबाबा सत्तरीचे. चिमूटभर भुकटी बोटांत चोळून म्हणाले, "साहेब, हा चुना मेलेला हाये."

फरशी धुवायच्या ॲसिडचे थेंब पोत्यातल्या भुकटीवर टाकले. जोरात फसफसली. ताजा विरवलेला, म्हणजे पाणी घालून फुलवलेला चुना ॲसिडमध्ये फारसा फेस न करता विरघळतो. फसफसतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी झालेला. जे भिंतीवर व्हायला हवं, ते पोत्यातच होऊन गेलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण मालकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

राजस्थानातून चांगली कळी, म्हणजे भाजलेल्या पण न विरवलेल्या चुन्याचे खडे, मागवता येतात. पण निसर्गाला जपायचं म्हणून घर बांधायचं आणि चुन्यासाठी शेकडो किलोमीटर ट्रक पळवायचा, हे मनाला पटेना. शेजारच्या द्राक्षबागेचे मालक हे सगळं बांधावरून ऐकत होते. ते म्हणाले, "कळीचा चुना आमच्याकडं असतोच की. बोर्डोला लागतो." एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. डाउनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर ते फवारतात. नाशिकच्या बागायतदाराला चुना मेलेला की जिता हे बरोबर कळतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण ती कळीही बाहेरूनच येते. मग त्यांनीच विहिरीच्या मलब्याकडे बोट दाखवलं. "आणि ही चुनखडी? हिच्यापायी बागेची पानं पिवळी पडतात. कोणी नेली तर उपकार होतील."

काळ्या मातीत लिंबाएवढे, बटाट्याएवढे मळकट खडे. नाशिकच्या पायाखाली सगळा काळा पाषाण, इथे चुनखडकाचे थर नाहीत. पण त्या पाषाणातलाच चुना पाण्याबरोबर झिरपतो आणि मातीत त्याचे असे खडे बनतात. बाबांनी एक खडा उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यांच्या वडिलांच्या वेळी असेच खडे भाजून बैलांच्या घाणीत चुना मळायचे, म्हणाले.

दहा किलो खडे धुऊन ओळखीच्या वीटभट्टीत ठेवले. चुनखडी भाजायला सुमारे 900 अंश लागतात, सिमेंटला साडेचौदाशेच्या आसपास. भट्टी निवल्यावर सात किलो भरले. निव्वळ चुनखडी असती तर 5.6 किलोच उरली असती. म्हणजे थोडे खडे कच्चे राहिले असले तरी आत चिकणमाती असणार, आणि मला तेच हवं होतं. चिकणमातीसकट भाजलेला चुना नुसत्या हवेवर अवलंबून राहत नाही, ओलीतही धरतो.

विरवायचा दिवस मात्र मी विसरणार नाही. सगळ्यांना चष्मे आणि हातमोजे दिले, कारण चुन्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. फवारणीची कळी पाण्यात टाकली की लगेच रटरटते. आमच्या खड्यांवर पाणी शिंपडलं, पाच मिनिटं गेली, दहा गेली, काही नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. माझाही धीर सुटत चालला होता. बाबांनी गरम पाणी मागवलं, पुन्हा शिंपडलं आणि ढिगावर ओलं गोणपाट टाकलं. "ह्याला घाई चालत नाय." अर्ध्या तासाने गोणपाटाखालून तडतड ऐकू आली. मग वाफ. हात जवळ नेला तर धग लागली. गोणपाट उचललं, तेव्हा खडे फुलून राखाडी पीठ झाले होते. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

पीठ चाळलं. वर राहिलेल्या काही गाठी ॲसिडने फसफसल्या, त्या कच्च्या म्हणून बाजूला काढल्या. एका भागाला दोन भाग वाळू घालून मळलं आणि एक गोळा केला. दुसरा पोत्यातल्या भुकटीचा. चार दिवस दोन्ही ओल्या फडक्यात सावलीला ठेवले आणि मग पाण्याच्या बरणीत सोडले. भुकटीचा गोळा तासाभरात पसरून तळाला बसला. आमच्या खड्यांच्या गोळ्याचे काठ आठवड्यानंतरही तसेच होते, नखाचा ओरखडा उठत नव्हता.

सबंध घराला यापेक्षा कितीतरी जास्त खडे लागणार. बांधकामाच्या चुन्यासाठी भाजायची चुनखडी गौण खनिजात मोडते, म्हणून तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी सुरू केलीय. काल बागायतदारांचा फोन आला, "शेततळं खोदायला घेतोय. खडे येगळे काढून ठेवू ना?"