स-शन थांग, सात प्रयत्न: मखाणा फुटला नाही, मडकं फुटलं

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊत सध्या ते दिवस चालू आहेत. दक्षिणेकडून दमट वारा शिरतो आणि थंडीत गारठलेल्या भिंतींना घाम फुटतो. आरशावर पाणी, जिन्यात पाणी, टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच. कोकणात आषाढ काढलेल्यांना यात नवल नाही, फक्त इथे पाऊस न पडताच हे सगळं होतं. आणि मग जो तो म्हणतो, अंगात ओल शिरली. जीभ जाडसर, डोकं जड, भूक मंद, की समजायचं ओल.

ही ओल उपसायचं काम चिनी वैद्यकानुसार 'पी'चं. शब्दकोश उघडला तर अर्थ मिळतो प्लीहा, आणि तिथेच नवशिक्या फसतो (मीही सहा महिने फसलो). इथे 'पी' म्हणजे खाल्लेलं पचवून अंगभर पोचवणारी व्यवस्था. आपल्या जठराग्नीच्या जवळ जाणारी कल्पना. कच्चं, गार आणि अवेळी खाल्लं की ती दमते. म्हणून फ्रिजमधलं पाणी बंद, सॅलड कमी, रात्री पातळ आणि गरम. थांग राजवटीतले वैद्य सुन स-म्याव यांनी सातव्या शतकातच लिहून ठेवलंय, की आधी अन्नाने उपचार करा, त्याने भागलं नाही तरच औषध. मी वैद्य नाही, माझा नाद फक्त पातेल्यापुरता आहे.

तर या दमलेल्या 'पी'साठी स-शन थांग. 'चार देवांचं सूप'. मूळ शब्द चार मंत्री असा होता आणि फूच्यान-तैवानकडच्या बोलीत उच्चार सारखाच असल्याने मंत्र्यांचे देव झाले, असं सांगतात. हे चौघे म्हणजे कमळबी, ह्वाईशान नावाचा कंद, फूलिंग आणि च्येनश. तिकडे त्यात डुकराचं आतडं किंवा पोट घालतात, मी शाकाहारी करतोय.

च्येनश मी छिंगपिंगच्या औषधी बाजारात पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ओळखलंच नाही. अर्धे फोडलेले, एका बाजूला तांबूस, एका बाजूला पांढरे, खडीसारखे टणक दाणे. घरी येऊन वनस्पतीचं नाव शोधलं तर काय, आपले मखाणे! तेच काटेरी पानांचं पाणझाड. आपण बी भाजून लाही फोडतो, हे लोक नुसतं सोलून वाळवतात. उपासाला तुपात परतलेले मखाणे आठवून मी पहिल्या वेळी अर्धा तास भिजवले. दोन तास उकळूनही दाताखाली कटकट. आता रात्रभर भिजवतो.

फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. दिसते खडूसारखी, लागतेही खडूसारखी. जाड चौकोनी तुकडे आणू नका, पातळ काप आणा. ह्वाईशान ताजा घेत असाल तर हातमोजे घालून सोला. बाहेरून गरीब दिसतो, पण सोलल्यावर जो चिकट रस सुटतो त्याने मनगटापर्यंत खाज सुटते, थेट सुरणाच्या भाऊबंदकीतली. कमळबी चिरून आतला हिरवा कोंब काढायचा, नाहीतर अख्खं सूप कडू.

प्रमाण सध्या असं: तिन्ही वाळवणं प्रत्येकी 30 ग्रॅम, कंद 200 ग्रॅम, पाणी 2 लिटर. मंद आचेवर दीड तास, कंद शेवटच्या अर्ध्या तासात. शिनह्वेचं वाळवलेलं संत्र्याचं साल बोटभर घातलं की खडूपणा झाकला जातो.

सहाव्या प्रयत्नात मडकं गेलं. दाणे शिजेनात, पाणी आटलं, मी नळाखालचा तांब्या सरळ उकळत्या मडक्यात ओतला. 'टक्' असा एकच आवाज. मग बुडाशी केसाएवढी रेघ, आणि शेगडीवर चारही देव. मध्येच गार पाणी घालू नये ही इथली ताकीद मी अंधश्रद्धेच्या खात्यात टाकली होती. नवीन मडक्यात आधी तांदळाची पातळ पेज शिजवून त्याची छिद्रं बुजवून घेतली आहेत.

या नादात सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो थंड-उष्णाचा. मूग थंड, आलं उष्ण, इथपर्यंत आजी आणि चिनी एकाच पंगतीला. मग येतो खेकडा. आमच्याकडे सर्दी झाली की चिंबोऱ्यांचं कालवण, कारण त्या उष्ण. इथे खेकडा चक्क थंड, म्हणून तो आल्याबरोबर आणि कोमट तांदळी मद्याबरोबर खायचा. आता मी दोन वह्या वेगळ्या ठेवल्यात. एकीची उत्तरं दुसरीत शोधायची नाहीत.

महिन्याचा हिशोब: 31 पैकी 22 रात्री पेज किंवा सूप. वजन 1.2 किलो उतरलं, पण त्याच महिन्यात नाक्यावरच्या तळलेल्या नूडल्सही सुटल्यात, तेव्हा श्रेय देवांना की नूडल्सना, सांगता येत नाही. रात्री छातीत जळजळणं मात्र नक्की कमी झालं. सर्वांत जड गेलं ते इथल्या सांगण्याप्रमाणे दहापैकी सात भाग पोट भरलं की थांबणं. आग्रह करून वाढणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला सातवा भाग कुठे संपतो हेच कळत नाही.

काल सातवं सूप जमलं. दाणे मऊ, कंद अख्खा, रंग दुधाळ. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्यांना मी इथल्या रीतीने 'आयी' म्हणतो, म्हणजे मावशी. व्हिडिओ कॉलवर ते ऐकून आमच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयींनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली.

"मीठ सुरुवातीलाच घातलंस ना?"

घातलं होतं.