आमची वाटचाल : संत्र्याच्या पेटीपासून एअरगनच्या पेटीपर्यंत

बाबांनी नागपूरच्या लकडगंजात पेट्यांचं काम सुरू केलं तेव्हा त्यांचं सगळं काम संत्र्यावर चालायचं. आंबिया असो की मृग, बहार आला की कॉटन मार्केटचे अडते पेट्या मागायचे आणि आमच्या आरा मशीनला उसंत नसायची. पुढे पुठ्ठ्याचे खोके आणि प्लास्टिकचे क्रेट आले, लाकडी पेटीची मागणी घटत गेली. तेव्हा मी हिशेब बघायला दुकानात बसू लागले होते. यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कारखानदारांनी विचारलं, "ताई, एक्सपोर्टची पेटी करून द्याल का?" तिथून आमची दिशा बदलली.

लाकडी पेटी देशाबाहेर जायची तर लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं ठेवावं लागतं आणि मान्यताप्राप्त केंद्राचा शिक्का पेटीवर लागतो, नाहीतर लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाते. प्लायवूडला ही अट नाही. पेटीत काय आहे याइतकंच पेटी कशाची आहे हेही सीमेवर विचारलं जातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. पॅकिंगच्या जोडीला बुकिंग आणि कस्टमची कागदपत्रंही आम्ही सांभाळू लागलो.

एअरगन आमच्याकडे आली ती एका नेमबाजी प्रशिक्षकांमुळे. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रांनी १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकल्यानंतर आमच्या ओळखीच्या घरांतली मुलंमुलीही या खेळाकडे वळली होती. सरांच्या एका विद्यार्थिनीची जर्मन बनावटीची रायफल दुरुस्तीसाठी तिकडच्या कारखान्यात पाठवायची होती. बऱ्याच कुरिअरवाल्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. एका ठिकाणी तर सल्ला मिळाला होता, "सर, 'खेळाचं साहित्य' लिहून द्या नं, चालून जाते."

बाबा तेव्हा दुकानात रोज यायचे. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "जे आहे ते लिहून जात असंल तर घे, नाही तर सरांना हात जोड." आमच्या फर्मचं या कामातलं धोरण त्या दिवशी ठरलं.

यामागे नुसता प्रामाणिकपणा नाही, कायदाही आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली बंदुकीची व्याख्या फक्त दारूगोळ्यावर थांबत नाही. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकणारं साधन तिच्यात बसतं, म्हणजे दाबलेल्या हवेचंही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही, पण म्हणून ती बॅडमिंटनच्या रॅकेटच्या रांगेत जात नाही. कस्टमच्या वर्गवारीत खेळाचं साहित्य ९५ व्या प्रकरणात आहे आणि एअरगन ९३ व्या, म्हणजे शस्त्रांच्या प्रकरणात, शीर्षक ९३०४ खाली. छर्रे ९३०६ खाली, काडतुसांच्या शेजारी. शिशाच्या त्या दाण्यात दारूचा कण नसतो, तरी कागदावर त्याची जागा तीच. स्कॅनरच्या पडद्यावर रायफलची नळी स्पष्ट दिसते. तिथे कागद "खेळाचं साहित्य" म्हणत असेल, तर सचोटीच्या खेळाडूवर खोटी घोषणा केल्याचा ठपका येतो. मला याचा फार राग येतो, कारण सल्ला देणारा तिसराच असतो आणि सही खेळाडूची असते.

त्या पहिल्या रायफलला वेळ लागला. मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या निषिद्ध यादीत बंदुका असतात आणि बऱ्याच जणी एअरगनही त्यातच धरतात. तेव्हा कार्गोचा मार्ग धरावा लागला. विमान कंपनीची लेखी संमती आधी आणि बुकिंग नंतर, हा क्रम आम्ही कधी उलटा होऊ दिला नाही. वाटेत तिसऱ्या देशात माल उतरणार असेल तर तिथल्या परवानगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो, म्हणून मुंबईहून थेट जर्मनीला जाणारं विमान आम्हाला बरं वाटतं, भाडं जास्त पडलं तरी.

हवेच्या टाकीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथेच अडकतात. स्पर्धेच्या रायफलला दाबलेल्या हवेची छोटी टाकी असते, ती २०० बारपर्यंत भरतात (बार हे दाबाचं माप). मोटारीच्या टायरमध्ये हवा साधारण सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. भरलेली टाकी विमानाच्या नियमांत धोकादायक माल ठरते : यूएन १००२ (दाबलेल्या हवेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), वर्ग २.२ (न पेटणारे, बिनविषारी वायू), हिरवं लेबल, लाल तिरप्या पट्ट्यांच्या किनारीचं घोषणापत्र, आणि ते भरणारा माणूस दर २४ महिन्यांनी प्रशिक्षण घेतलेला. म्हणून आम्ही टाकी रिकामीच मागतो. ती रायफलपासून सोडवून वेगळ्या खाचेत ठेवतो आणि तोंड उघडं ठेवतो, म्हणजे तपासणाऱ्याला डोळ्यांनी खात्री करता येते. टाकीवरची तारीखही पाहतो, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दहा वर्षांपेक्षा जुनी टाकी चालत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत हा प्रश्नच नाही. गॅस पिस्टनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी आत गॅस कोंडलेली बंदूक मात्र रिकामी करता येत नाही, ती आधीच सांगावी. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कॅप्सूल आणि तेलाचे स्प्रे आम्ही पेटीत घेतच नाही.

दुरुस्ती होऊन परत येणाऱ्या रायफलवर पूर्ण किमतीचं शुल्क लागू नये यासाठी कस्टमची सवलत आहे. शुल्क दुरुस्तीचा खर्च, भाडं आणि विमा यांवर लागतं. अट अशी की गेलेली वस्तू तीच परत आली हे पटलं पाहिजे. त्यासाठी शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम कागदावर, अनुक्रमांक हवा. आम्ही नळीवरच्या क्रमांकाचा फोटो पेटी ठोकण्याआधी घेतो आणि फाइलला लावतो. परतीच्या आयातीचे कागदही रायफल निघायच्या आधीच लावून ठेवतो.

काही कामांना आम्ही नकार देतो. ब्रिटनमधल्या नातवाला आजोबांची एअरगन भेट पाठवायची आहे, अशी विनंती येते. तिथे बिनपरवाना रायफलला १२ फूट-पाउंड आणि पिस्तुलाला ६ फूट-पाउंड ही ऊर्जेची मर्यादा आहे, विक्रेत्याला ती ग्राहकाच्या हातातच द्यावी लागते, आणि स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून प्रमाणपत्रही लागतं. जर्मनीत बिनपरवाना चालणाऱ्या, साडेसात ज्यूलपर्यंतच्या बंदुकीवर पंचकोनात 'एफ' हे चिन्ह असतं. इथे बिनपरवाना चालणारी बंदूक तिथे परवान्यात अडकू शकते, आणि 'भेटवस्तू' लिहिल्याने कुठलाही नियम सैल होत नाही. आजोबांना हे सांगताना वाईट वाटतं, पण पेटी बंदरावर जप्त होण्यापेक्षा ते बरं.

आज बाबा दुकानात येत नाहीत. पेट्यांचं माप माझा भाऊ घेतो, कागद मी बघते. रायफल पाठवायची असेल तर खरेदीचं बिल, आयात परवान्याची प्रत, अनुक्रमांक आणि तिकडच्या दुरुस्ती केंद्राचं लेखी पत्र घेऊन या. टाकी घरूनच रिकामी करून आणा, आणि स्पर्धेची तारीख आम्हाला आधी सांगा, म्हणजे रायफल वेळेत परत येईल की नाही हे पाठवण्यापूर्वीच सांगता येईल.