औषध नाकारणारा पण डॉक्टरच होता

मी टेक्ससमध्ये संधिवाताचा डॉक्टर आहे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. इथे आमचा बराच वेळ पेशंट तपासण्यात नाही तर इन्शुरन्स कंपनीकडून औषधाला मंजुरी मिळवण्यात जातो, हे तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं असेलच. पण एका गुरुवारी दुपारी फोनवर जे झालं आणि त्याच संध्याकाळी आम्हा डॉक्टर लोकांच्या मीटिंगमध्ये जे झालं ते दोन्ही एकदमच सांगायला पाहिजे.

पेशंट साठीच्या आतबाहेरच्या एक बाई, अजून नोकरी करणाऱ्या. आजार जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना सूज येते, कानशिलं ठणकतात, चावताना जबडा इतका दुखतो की माणूस जेवण अर्धं टाकून उठतो, आणि वेळेत आवरलं नाही तर डोळा जातो, आणि गेलेला डोळा परत येत नाही. बायोप्सीत निदान पक्कं झालेलं. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू केला, पण बाईंना आधीच डायबेटिस, साखर ४०० च्या वर जायला लागली, आणि डोस थोडा उतरवला की कानशील परत ठणकायला सुरुवात. अशा पेशंटला टोसिलिझुमॅब द्यायचं, एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, या आजारासाठी ते २०१७ मध्येच मंजूर केलंय, त्याने स्टेरॉइड खूप लवकर खाली आणता येतं. कंपनीचं पत्र आलं, नामंजूर, आधी मेथोट्रेक्सेट देऊन बघा. स्वस्त औषध आधी, ते फेल गेलं की मग महागडं, याला इकडे स्टेप थेरपी म्हणतात. आता गुडघेदुखीत एक वेळ थांबता येईल, पण इथे 'फेल जाणं' म्हणजे डोळा जाणं, हे कागद बनवणाऱ्याला कुणी सांगायचं?

मग पीअर-टू-पीअर कॉल मागितला, म्हणजे कंपनीच्या डॉक्टरशी मी बोलायचं. ओपीडी भरलेली असताना फोन आला. समोर एक ऑर्थोपेडिक सर्जन, स्वतःची प्रॅक्टिस बंद करून आता हेच काम करणारे. बोलायला अगदी सभ्य माणूस. मी सगळी केस सांगितली आणि विचारलं, "तुम्ही या आजाराचा पेशंट शेवटचा कधी पाहिलात?" म्हणाले, "रेसिडेन्सीत." मी म्हटलं, "सर, बाईंची नजर गेली तर कोण जबाबदार?" तर म्हणाले, "डॉक्टर, मी उपचार ठरवत नाहीये, उपचार तुम्ही काय हवे ते करा, मी फक्त त्यांच्या प्लॅनमध्ये बसतं का तेवढं बघतो." आणि नामंजुरी कायम.

मला त्या माणसापेक्षा त्या वाक्याचा जास्त राग आला, कारण ते वाक्य कायद्यानं शिकवलेलं आहे. टेक्ससने १९९७ मध्ये एचएमओवर, म्हणजे ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांतूनच उपचार देणाऱ्या इन्शुरन्स कंपन्यांवर, निष्काळजीपणाचा दावा लावता येईल असा कायदा केला होता, देशात पहिला. पण नोकरीतून मिळणारे प्लॅन १९७४ च्या एरिसा नावाच्या केंद्रीय कायद्याखाली येतात, आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एटना विरुद्ध दाव्हिला खटल्यात एकमताने सांगितलं की अशा प्लॅनवर राज्याच्या कायद्याखाली असा दावा चालणार नाही, कारण नाकारणं हा उपचाराचा नाही, प्लॅनमध्ये काय बसतं याचा निर्णय. तो पेशंट पण संधिवाताचाच होता बरं का, डॉक्टरने व्हायॉक्स लिहिलेलं, कंपनीने आधी दुसरं औषध घ्यायला लावलं आणि त्याला अल्सरमधून रक्तस्राव झाला. (व्हायॉक्स स्वतःच त्या वर्षी बाजारातून मागे घ्यावं लागलं, पण कोर्टापुढचा प्रश्न तो नव्हता.) २०२१ मध्ये इथे गोल्ड कार्ड कायदा आला, ज्या डॉक्टरच्या ९० टक्के विनंत्या मंजूर होतात त्याला त्या उपचारासाठी परत विचारायचं नाही, पण बाईंचा प्लॅन त्या जिथे नोकरी करतात ती कंपनी स्वतःच्या पैशाने चालवते, इन्शुरन्सवाले फक्त कारभार बघतात, त्यामुळे तोही कायदा लागू नाही.

त्याच संध्याकाळी काउंटीच्या मेडिकल सोसायटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेत, माझा ठराव होता. साधा होता. मंजुरी नाकारणारा डॉक्टर हा वैद्यकीय निर्णय घेतोय असंच धरावं, तो त्याच विषयातला असावा, आणि त्याची तक्रार मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे डॉक्टरांना लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, करता यावी. हे काही जगावेगळं नाही, ॲरिझोनात १९९७ मध्ये अपील कोर्टाने हेच म्हटलंय की पित्ताशयाचं ऑपरेशन नाकारणाऱ्या कंपनीच्या मेडिकल डायरेक्टरवर बोर्डाचा अधिकार चालतो.

मीटिंगच्या सुरुवातीलाच वकिलांनी नेहमीची सूचना वाचली, की रेटबद्दल किंवा एखाद्या कंपनीवर बहिष्काराबद्दल इथे बोलायचं नाही, अँटीट्रस्ट लागतो, म्हणजे धंद्यातल्यांनी संगनमत करू नये असा कायदा. मी ससूनला रेसिडेन्सी करताना मार्डच्या संपात बसलेला माणूस, मला हे दर वेळी ऐकताना गुदमरायला होतं, इथे स्वतंत्र प्रॅक्टिसवाल्या डॉक्टरांनी मिळून कंपनीला नाही म्हटलं तर गुन्हा होऊ शकतो. पण याचं मूळही आपल्याच लोकांत आहे. वॉशिंग्टनमध्ये १९३७ साली पगारी डॉक्टर ठेवून एक सहकारी प्लॅन निघाला, तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्या डॉक्टरांना वाळीत टाकायला, हॉस्पिटलं त्यांना बंद करायला जोर लावला, आणि १९४३ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच अँटीट्रस्टखाली झालेली असोसिएशनची शिक्षा कायम केली. संघटनेत जोर होता तेव्हा तो पेशंटचं भलं करणाऱ्या प्लॅनवर घातला. नंतर १९७३ मध्ये निक्सनने एचएमओ कायद्यावर सही केली आणि मॅनेज्ड केअर, म्हणजे कंपनीनेच उपचारांवर लगाम ठेवायचा प्रकार, फोफावलं, आणि १९९९ मध्ये असोसिएशनने युनियन काढायचं ठरवलं तोपर्यंत फार उशीर झाला होता.

चर्चा सुरू झाली. एक सर्जन म्हणाले आधी मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याच्या, पेमेंटचं बघा, तेच खरं दुखणं. हॉस्पिटलच्या पगारावर असलेले दोघं तिघं बोललेच नाहीत, त्यांच्या हॉस्पिटलचे त्याच कंपन्यांशी करार चालू असतात. आणि मग एक जुने मेंबर उठले, मला आवडणारा माणूस, आठवड्यातले काही तास ते स्वतः एका कंपनीसाठी केसेस बघतात. म्हणाले, "अरे, उद्या बोर्डाकडे शंभर तक्रारी गेल्या तर चांगले डॉक्टर हे काम सोडतील आणि वाईट राहतील." मी म्हटलं, "सर, चांगला डॉक्टर असेल तर आपल्या सहीला घाबरेल कशाला?" खोलीत कुणालाच ते आवडलं नाही, पण मी अजूनही तेच म्हणेन. सोसायटी कंपन्यांवर खूप तोंडसुख घेते, पण नाकारणारा सभासदच असतो तेव्हा तिला बोलता येत नाही, आणि कंपन्यांना हे बरोबर कळलंय. ठराव अभ्यासासाठी समितीकडे पाठवायचं ठरलं.

बाईंसाठी तातडीचं अपील केलं होतं, ते तिसऱ्या दिवशी मंजूर झालं, यावेळी बघणारी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट होती आणि तिने माझी नोट वाचून दोन मिनिटात हो म्हटलं. बाईंची नजर शाबूत आहे, स्टेरॉइड हळूहळू उतरतंय.

ठराव मी परत लिहिलाय, समितीची वाट न बघता पुढच्या मीटिंगला मांडणार आहे, दोन तरुण डॉक्टरांनी सही केलीय. त्या जुन्या मेंबरांनाही फोन करून सही मागितली. विचार करतो म्हणाले.