हामेलनच्या ग्लिकलचा व्यापार

हे सेमिस्टर इंटर्नल परीक्षा, प्रकल्प अहवाल आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट यांनी इतके व्यापले होते की अभ्यासाबाहेरचे काही वाचून होईल असे वाटत नव्हते. तरीही बडोद्याच्या हंसा मेहता लायब्ररीतून आणलेल्या एका पुस्तकाने माझ्या रात्री घेतल्या. मी एम.कॉम.ची विद्यार्थिनी आहे, आणि सतराव्या शतकातील ग्लिकल या यहुदी व्यापारी स्त्रीच्या आठवणी मला इतक्या जवळच्या का वाटल्या, हे मला येथे नोंदवून ठेवायचे आहे.

ग्लिकल जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये जन्मली, बाराव्या वर्षी तिचा वाङ्निश्चय झाला आणि चौदाव्या वर्षी हामेलन या जर्मन गावच्या खाइमशी लग्न. चौदा मुले झाली, त्यांतील बारा मोठी झाली. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिची आईही बाळंत झाली होती, आणि मायलेकी एकाच घरात आपापले मूल सांभाळत होत्या. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही असे घडत असे, म्हणून हा प्रसंग मला मुळीच परका वाटला नाही. १६८९ मध्ये खाइम वारला. मृत्युशय्येवर त्याला पुढच्या व्यवस्थेविषयी विचारले, तेव्हा सारे काही आपल्या बायकोला ठाऊक आहे, एवढेच त्याने सांगितले. त्यानंतर दोन-एक वर्षांनी, दुःखाने झोप येत नसे अशा रात्री, ती यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातील यहुदींच्या बोलीत, लिहू लागली.

मुलांना केलेला उपदेश आणि विधवेचा शोक अशी या पुस्तकाची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही. पिलांना एकेक करून समुद्रापार नेणाऱ्या पक्ष्याची तिने आरंभी सांगितलेली गोष्ट विसरता येत नाही. परंतु माझ्या मते या लेखनाचा कणा व्यापार हाच आहे. मोती आणि जवाहीर, लाइपझिगची जत्रा, भागीदारांची लबाडी, मुलींचे हुंडे, मोज्यांचा कारखाना, हॅम्बुर्गच्या बाजारात तिच्या नावाला असलेली पत, हे सारे ती त्याच सुरात सांगते ज्या सुरात ती मुलाचे आजारपण सांगते. एका शहरातून दुसऱ्या शहरात पैसा नेणारी विनिमयपत्रे तिच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात आणि ती वाचताना मला आपल्या सराफांची हुंडी आठवत राहिली. ज्या बडोद्यात हरिभक्तींसारख्या पेढ्यांनी गायकवाडांच्या राज्याला कर्जे दिली, त्या गावातील वाचकाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. पतीवर बरेच कर्ज असताना तिने माल लिलावात विकून देणी फेडली, हा भाग मी अकाउंटन्सीच्या पेपरच्या आदल्या रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी उत्तरे लिहिताना जमा-नावेच्या प्रत्येक नोंदीमागे कोणाचे तरी घर असते, हा विचार मनातून जात नव्हता.

हे पुस्तक छापून यायला १८९६ साल उजाडावे लागले. मुलाने केलेली नक्कल टिकली म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. पुढे १९१० मध्ये जर्मनीतील यहुदी स्त्री-चळवळीच्या नेत्या बेर्था पापेनहाइम यांनी त्याचा जर्मन अनुवाद केला. त्याच वर्षी आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. रमाबाईंच्या लेखनाच्या केंद्रस्थानी पती आहेत. ग्लिकलही खाइमविषयी अपार प्रेमाने लिहिते, पण तो गेल्यावर तिच्या कथेचा वेग मंदावत नाही, आणि मला तिची हीच बाजू अधिक मोलाची वाटते.

सर्वांत कठीण भाग दुसऱ्या लग्नाचा आहे. म्हातारपणी मुलांवर भार होऊ नये म्हणून तिने १७०० मध्ये फ्रान्समधील मेत्झ शहरातल्या एका श्रीमंत सावकाराशी लग्न केले आणि १७०२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. तिची पुंजी त्याच्याबरोबर बुडाली. ज्या परावलंबनाची तिला धास्ती होती तेच पुढे वाट्याला आले. १७१५ मध्ये ती लेकीच्या घरी राहायला गेली. हे सारे ती पापाचे प्रायश्चित्त म्हणून सांगते, तरी त्या नवऱ्याच्या व्यवहारातील दोष टिपणारी तिची व्यापारी नजर कुठेही झाकली जात नाही. पुढच्या सेमिस्टरला आम्हाला २०१६ ची दिवाळखोरी संहिता शिकायची आहे. त्या वर्गांना जाण्यापूर्वी मी मेत्झची प्रकरणे पुन्हा वाचणार आहे.